होडीचं बूड आणि बामणोदची वांगी

शनिवारी उन्हं कलली तेव्हा तोताराम नानांच्या होडीचं बूड जेमतेम दोन ताटांएवढं साफ झालं होतं. होडी मात्र वीस माणसं आणि चार मोटारसायकली सहज मावतील एवढी. तापीच्या काठावर ती पालथी घालून दगडांवर टेकवली होती. एका अंगाला नाना पटाशी घेऊन बसले होते. दुसऱ्या अंगाला त्यांचे जावई जितेंद्र, पिंप्राळ्याच्या घरून खास आणलेला ग्राइंडर मांडीवर घेऊन. ग्राइंडर मांडीवर होता, कारण शेताच्या लाइनीला त्या आठवड्यात वीज फक्त रात्रीची होती.

"मामा, रात्री करू या ना मग," जितेंद्र म्हणाले.

"रात्री मले होडी दिसत नही अन् तुमाले आपली बोटं दिसनार नही. ठेवा ते बाजूले."

त्याआधी जितेंद्रांनी जळगावहून रंग काढायच्या औषधाचा डबाही आणला होता. फर्निचरवर ते फार चालतं, असं दुकानदाराने सांगितलं होतं. होडीवर त्याने वरचा रंग फुगला, त्याला फोड आले आणि तिथेच औषध थांबलं. खालचे सगळे थर मजेत होते.

थर किती होते ते नानांनाही सांगता आलं नसतं. धरणाचं पाणी वाघथडीपर्यंत आलं आणि निम्म्या गावाची शेतं पलीकडच्या काठाला राहिली, तेव्हापासून नाना ही पत्र्याची होडी चालवत होते. पाण्यात पत्रा सडू नये म्हणून दरवर्षी बुडाला रंग आणि त्यावर डांबर द्यावं लागे. नाना ते नेमाने देत. फक्त त्यांनी रंगाचा डबा आयुष्यात कधी विकत घेतला नव्हता. मारुतीच्या देवळाला शेंदरी दिला त्या वर्षी होडीचं बूड शेंदरी. शाळेच्या भिंती रंगवल्या त्या वर्षी पिवळं. कोणाची ट्रॉली रंगली तर लाल, कोणाच्या घरी लग्न निघालं तर कमानीचा गुलाबी. "उरला असीन तर पाह्यजो," एवढंच नाना म्हणत, आणि उरायचाच. डांबर रस्त्याच्या कामावरून येई. जुना थर न काढता त्यावर नवा, अशी ही होडी वर्षानुवर्षं जाड होत गेली होती.

आणि आता होड्या तपासणारे साहेब आले होते. मागच्या आठवड्यात त्यांनी पालथ्या होडीवर हातोडी मारून पाहिली, तर गादीवर मारल्यासारखा आवाज आला.

"हे काय आहे?"

"रंग हाये साहेब. दरसाल देतो."

"मी रंग बघायला आलो नाही. मला बुडाचा पत्रा बघायचाय. मोकळा. सोमवारी सकाळी येतो. पत्रा दिसला तर परवाना. नाही दिसला तर ही होडी बंद, पलीकडच्याची चालेल."

पलीकडचा म्हणजे नांदोड्याचा रुपचंद. त्याची होडी हिरवीगार, वर चमचमता पट्टा, पुढे नारळ बांधलेला. परवाना गेला तर धंदा जाईल, हे दुःख होतंच. पण नानांना झोंबत होतं ते वेगळंच. स्वतःच्या केळीला पाणी द्यायला त्यांना रोज सकाळी रुपचंदच्या होडीत प्रवासी म्हणून बसावं लागणार होतं. आणि रुपचंद म्हणणार होता, "सरका नाना, मागं सरका."

शनिवारच्या त्या दोन ताटांएवढ्या पत्र्याकडे पाहून सुनंदाबाईंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, चहाची किटली खाली ठेवली आणि विचारलं, "तवा गार असतांना कोनी खरवडतं का?"

"काय?"

"तव्याले करपलेलं चिटकलं तं आपुन तवा तापवतो, मंग उलथण्यानं काढतो. ह्या तव्याले तुमी दिवसभर गार खरवडू ऱ्हायले."

जितेंद्रांनी नानांकडे पाहिलं. नानांनी नदीकडे. चहा पिऊन झाल्यावर नाना म्हणाले, "मीबी तेच म्हननार व्हतो."

रविवारी सकाळी थंडी कडक होती. नानांनी अलीकडच्या काठावरच्या शेतातून बैलगाडीभर कपाशीच्या काड्या आणल्या. पालथ्या होडीखाली, आतल्या अंगाने, त्या पसरून पेटवल्या. पत्रा आतून तापायला लागला तसं बाहेरचं डांबर चकाकलं आणि मऊ पडलं. नानांनी पटाशी लावली. हातभर लांब पट्टा एका झटक्यात उठला, चपातीसारखा.

नाना हसले. ते क्वचित हसत, म्हणून जितेंद्रांनी मोबाइल काढून फोटो घेतला. फोटोत हसणारे नाना होते, जाळ होता, काड्यांचा ढीग होता आणि मागे तापी होती. होडी तेवढी धुरात दिसत नव्हती. जितेंद्रांनी तो स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, 'मामांसोबत नदीकाठी. मस्त जाळ.'

इथे चूक झाली. दुसऱ्या मुलखात नदीकाठी धूर दिसला तर लोक म्हणतील, काहीतरी जळतंय. खानदेशात हिवाळ्यातल्या रविवारी, सकाळच्या वेळी, नदीकाठी कपाशीच्या काड्यांचा धूर निघाला तर त्याचा अर्थ एकच. कोणीतरी भरताची वांगी भाजतंय.

पहिला फोन नानांच्या मुलीचा, पिंप्राळ्याहून. "पप्पा, भरीत पार्टी ठेवली आणि मला सांगितलं नाही? ह्यांना ग्राइंडर घेऊन बोलावलं, तेव्हाच मला शंका आली."

"डिंपल, पार्टी नही. होडीचा रंग काढू ऱ्हायलो."

"असू द्या पप्पा," डिंपल म्हणाली आणि फोन ठेवला.

फोन खिशात जातो न जातो तोच मंदाबाई आल्या. त्यांच्या डोक्यावर बडगी होती. वांगी ठेचायची ही लाकडी, खोलगट कोटंबी वाघथडीत एकट्या मंदाबाईंची; त्यामुळे गावात भरीत पार्टी म्हटली की मंदाबाईंना निरोप आधी आणि आचाऱ्याला नंतर. त्यांनी बडगी दगडावर ठेवली, पदर खोचला आणि सरळ विचारलं, "बडगी माझी, अन् मलेच सांगतलं नही?"

"कशाचं सांगू? पार्टीच नही."

"मंग जाळ कशाचा?"

"होडीचा."

मंदाबाईंनी होडीखाली वाकून पाहिलं. वांगी दिसली नाहीत. "कुठी लपवले?"

यात मंदाबाईंचा दोष नव्हता. तोताराम नाना गावातल्या एकूण एक भरीत पार्ट्यांना हजर असत. कोणाचे उपकार नकोत म्हणून केळीचं पान घरून गुंडाळून नेत, पहिल्या पंगतीला बसत आणि शेवटच्या पंगतीच्या वेळी उठत. आणि इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः एकही पार्टी दिली नव्हती. असा माणूस रविवारी सकाळी गावाबाहेर, जावयाला घेऊन, होडीच्या आडोशाला जाळ करतो, याचा अर्थ लावायला फार डोकं लागत नव्हतं. नाना चोरून भरीत खात होते.

ही बातमी साध्या आमंत्रणापेक्षा वेगाने पसरली. नवाच्या सुमाराला काठावर पंधरा माणसं होती, दहापर्यंत चाळीस. काही जण येताना कांद्याची पात घेऊन आले होते, एकाने घरचं तेल आणलं होतं. सगळे उन्हाला पाठ करून बसले आणि नानांकडे पाहू लागले. जो येई त्याला नाना पटाशी दाखवून सांगत, "पार्टी नही भो, रंग काढू ऱ्हायलो." येणारा मान डोलवून म्हणे, "काढा नाना, काढा. आमी बसलो." आणि बसे.

नाना जितकं नाकारत, तितका लोकांचा विश्वास पक्का होत होता.

शेवटी नानांनी सुनंदाबाईंना होडीच्या आड नेलं. "ह्या लोकाईले घरी पाठव. तुहं ऐकतीन."

"माह्या दारात आलेलं मानूस मी उपाशी पाठवलं नही अजून."

"हे दार नही. नदी हाये."

"जाळ आपला हाये ना? मंग दार आपलंच."

इतका वेळ बोलण्यात गेला आणि खालचा जाळ बसला. पत्रा निवायला लागला. डांबर पुन्हा दगड होत होतं. सोमवार आणि त्यांच्यामध्ये आता एक दुपार उरली होती, आणि होडीचा पाव हिस्सासुद्धा उघडा झाला नव्हता. त्यांना रुपचंदचा आवाज ऐकू येऊ लागला. सरका नाना, मागं सरका.

मंदाबाईंना रिकामं बसणं माहीत नव्हतं. वाट पाहता पाहता त्यांनी बडगीसोबत आणलेलं उलथणं होडीच्या काठाला सहज घातलं. अजून गरम असलेल्या जागी डांबराची खपली निघाली आणि खाली निळा रंग उघडा पडला. मंदाबाईंनी खपली उचलून उन्हात धरली.

"व माय. हा तं आमच्या गोठ्याचा निळा."

"असा कसा तुमचा?" कोणीतरी म्हणालं.

"गोठा मी रंगवला, मले मालूम नही? नाना म्हनले व्हते, उरला असीन तं पाह्यजो. अर्धा डबा नेला."

चाळीस माणसं उठून होडीभोवती आली. ज्याला मिळेल त्याने खुरपं, विळा, नांगराचा फाळ, नुसता पत्र्याचा तुकडा घेतला आणि जो तो आपापला रंग शोधू लागला. ट्रॉलीवाल्याला लाल सापडला. देवळाच्या पुजाऱ्यांनी शेंदरी ओळखला आणि नकळत हात जोडले. एकाला गुलाबी मिळाला तसं त्याने खुरपं खाली ठेवलं, कारण ती कमान त्याच्या स्वतःच्या लग्नाची होती. मग त्याने बायकोला फोन करून बोलावून घेतलं.

नाना हे सगळं पाहत उभे होते. त्यांची नजर होडीवर गेली, लोकांच्या हातांवर गेली, मंदाबाईंच्या रिकाम्या बडगीवर गेली. मग त्यांनी आयुष्यात कधी न उच्चारलेलं वाक्य उच्चारलं, आणि ते उच्चारताना त्यांचा चेहरा दाढ उपटून घेणाऱ्या माणसासारखा झाला.

"जवाईबापू, मोटारसायकल काढा. बामणोदले जा. भरताचे वांगे आना, दोन पोते."

मंदाबाईंनी बडगी जवळ ओढली.

"दोन?" सुनंदाबाईंनी खात्री करून घेतली.

"दोन," नाना म्हणाले. "अन् बठ्ठे ऐका. भरीत हाये. तोताराम पाटलाच्या घरचं हाये. पन होडीच्या बुडाचा पत्रा दिसल्याशिवाय कोनाले पान भेटनार नही."

"अन् कोनी नुस्तंच बसलं तं?" मंदाबाईंनी विचारलं.

"ते तुमी पाहा."

मंदाबाईंनी ते पाहिलं. त्यांनी आधी जाळ वेगळा केला. "त्या डांबराच्या धुरात माहं वांगं जानार नही," असं म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाला, चांगलं लांब, दुसरा जाळ घातला. मग नियम केला: पान मागायला येणाऱ्याने आधी दोन्ही हात दाखवायचे. हात काळे असतील तर राखेने घासून धुवायचे आणि पान घ्यायचं. हात गोरे असतील तर होडीकडे परत जायचं. शाळेचे मुख्याध्यापक पांढऱ्या सदऱ्यात आले होते, त्यांनाही सूट नव्हती. त्यांनी सदरा काढून बाभळीला टांगला आणि शाळेचा पिवळा थर एकट्याने संपवला.

जितेंद्र वांगी घेऊन आले तोवर कामाला लय आली होती. दोघं काड्या सारत होते, दहा-बारा खरवडत होते, बायका मागून तारेच्या घासणीने पत्रा घासत होत्या. सुनंदाबाईंनी सगळ्या खपल्या बारदानात भरायला लावल्या. पाण्यात एक तुकडा जाऊ दिला नाही. पलीकडे वांगी भाजून सोलली जात होती आणि बडगीत ठेचली जात होती. लसूण, मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात यांचा वास वाऱ्यावर आला की खरवडण्याचा आवाज वाढे. जितेंद्रांनी हे लक्षात घेऊन मंदाबाईंना सुचवलं, फोडणी जरा हप्त्याहप्त्याने द्या.

वास पलीकडेही गेला. दुपारी नांदोड्याच्या काठावरून हिरवीगार होडी सुटली आणि रुपचंद चार माणसं घेऊन उतरला.

"काय तोतारामभो, घरी कार्य काढलं का काय?"

"या," नाना म्हणाले. त्यांनी जास्त काही सांगितलं नाही.

रुपचंद पानासाठी मंदाबाईंसमोर बसला. "हात दाखवा," मंदाबाई म्हणाल्या.

"हात कशाले?"

"नियम हाये. काळे हात, मंग पान."

रुपचंदने मागे वळून पाहिलं. तेव्हा कुठे त्याचं होडीकडे लक्ष गेलं. बूड जवळजवळ मोकळं झालं होतं, पत्रा उन्हात चमकत होता. सोमवार त्याला ठाऊक होता. ह्या पत्र्याचा अर्थही ठाऊक होता. उरलं होतं फक्त होडीचं नाक, तीन-चार हात रुंद.

मंदाबाईंनी नेमक्या त्याच वेळी बडगीत तेल ओतलं.

रुपचंदने वाकून बडगीत पाहिलं. परवाना एका बाजूला होता आणि ताज्या भरतावर शेंगदाणे दुसऱ्या बाजूला. मग त्याने बाह्या सारल्या. "द्या भो तो फाळ," तो म्हणाला. नानांनी स्वतःच्या हाताने त्याला फाळ दिला, आणि नाक दाखवलं.

त्या दिवशी तीन पंगती उठल्या. नानांनी प्रत्येक पंगतीत पातेल्याकडे पाहिलं आणि प्रत्येक वेळी मान फिरवली. पण उन्हं उतरताना होडीकडे पाहिलं तेव्हा त्यांना ती ओळखू आली नाही. ती कोणातरी श्रीमंत माणसाची वाटत होती.

सोमवारी साहेब आले तेव्हा काठावर अर्धं गाव होतं. रुपचंदही होता. "पलीकडे जाचंय, लेकीकडं आल्तो," असं त्याने न विचारता सांगितलं. साहेबांनी हातोडी काढली, कान जवळ नेला आणि मागच्या टोकापासून ठोकायला सुरुवात केली.

ठण. ठण. ठण. देवळातल्या घंटेसारखा पत्रा बोलत होता. साहेब पुढे सरकत होते, गाव त्यांच्या मागे सरकत होतं. नाकाशी पोहोचले आणि आवाज आला, थप.

साहेबांनी पुन्हा ठोकलं. थप.

"इथं काय आहे?"

नाकाच्या अगदी खालच्या वळणात तळहाताएवढा थर तसाच होता. नानांनी रुपचंदकडे पाहिलं. रुपचंद नदीकडे पाहत होता. गंज असेल तर, भोक असेल तर, तळहाताएवढ्या जागेवरून सगळं जाणार होतं. मंदाबाई बडगी घेऊन पलीकडे शेंगा आणायला निघाल्या होत्या. त्या पुढे आल्या, म्हणाल्या, "सरका साहेब," आणि बडगीतलं उलथणं घातलं.

डांबर निघालं. खाली हिरवा रंग होता. मंदाबाईंनी तो न्याहाळला, काठाला बांधलेल्या रुपचंदच्या होडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रुपचंदभो, हा तं तुमचा."

सगळ्यांनी रुपचंदकडे पाहिलं.

"व्हय," रुपचंद म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "माह्या पहिल्या होडीचा. नानांनी मांगला व्हता, उरलेला देल्ता. काल दिसला, मंग वाटलं, एवढा राहू द्या."

हे खरं होतं की परवान्यासाठी ठेवलेला डाव होता, ते कोणीच विचारलं नाही. नानांनी फाळ उचलला आणि त्याच्या हातात दिला. "ठेवला असता भो. पन साहेबाईले पत्रा पाह्यजे."

रुपचंदने आपला हिरवा आपल्या हाताने काढला. साहेबांनी हातोडी मारली. ठण.

"चला, पाण्यात घाला," साहेब म्हणाले. "चालवून दाखवा."

होडी पाण्यात गेली. साहेब पुढे बसले, मंदाबाई बडगी मांडीवर घेऊन मध्ये, शेजारी रुपचंद. "सरक जरा," नाना त्याला म्हणाले. "मांगं सरक." हे म्हणताना त्यांना जे सुख झालं ते भरताच्या तिसऱ्या पंगतीतही झालं नव्हतं.

इंजिन सुरू झालं आणि होडी निघाली. नाना वर्षानुवर्षं एकच खूण धरत आले होते: पलीकडच्या काठावरचं उंबराचं झाड समोर आलं की इंजिन बंद करायचं, होडी आपोआप हळू होत घाटाला टेकते. उंबर समोर आला. नानांनी इंजिन बंद केलं. होडी हळू झाली नाही. डांबराच्या गाठी आणि वर्षांचे थर आता पाणी धरायला नव्हते. मोकळा पत्रा पाण्यावरून तेलावरून गेल्यासारखा सरकत होता.

"थांबवा," साहेब म्हणाले.

"थांबवली साहेब. ते थांबू नही ऱ्हायली."

नानांनी बांबू टेकवला, जोर लावला. वेग बराच मोडला. उरलेल्या वेगात होडीने घाटाला लावलेल्या, रुपचंदच्या भावाने अलीकडच्या काठावरून नुकत्याच आणून बांधलेल्या हिरव्यागार होडीला हलकेच धक्का दिला. कोणालाही लागलं नाही. मंदाबाईंची बडगीसुद्धा जागची हलली नाही.

फक्त हिरव्या होडीच्या बुडापासून, पाण्याच्या रेषेजवळून, पापडासारखी एक मोठी खपली सुटली आणि पाण्यावर तरंगू लागली. साहेबांनी वाकून ती उचलली. बाजूने पाहिलं. हिरवा, डांबर, हिरवा, डांबर, हिरवा. साहेबांनी खिशातून हातोडी काढली आणि हात लांब करून रुपचंदच्या होडीवर मारली. थप.

"ही कोणाची?"

"माझी साहेब," रुपचंद मागच्या फळीवरून म्हणाला.

"मागच्या खेपेला मी वरूनच पाहिली होती," साहेब स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग त्यांनी नानांशी हात मिळवला. "तुमचा परवाना झाला. होडी फार वेगात आहे, तेवढं जपा." आणि रुपचंदकडे वळून म्हणाले, "मी पुढच्या सोमवारी येतो. मला पत्रा दिसला पाहिजे."

त्या आठवड्यात नानांनी दोन नवलं केली. पहिलं, इंजिन बंद करायची खूण उंबरावरून अलीकडच्या लाकडी खांबावर आणली. दुसरं, जळगावला जाऊन रंगाचा डबा विकत आणला, होडीचाच, सीलबंद. एकच हात दिला, पातळ. काठावरून मंदाबाईंनी विचारलं, "नाना, उरला असीन तं पाह्यजो, गोठ्याले." नानांनी डब्यात पाहिलं, मग मंदाबाईंकडे पाहिलं, आणि डबा देऊन टाकला.

रविवार उजाडला. धुकं विरलं तसा पलीकडच्या काठावरून कपाशीच्या काड्यांचा दाट धूर सरळ वर चढला. वाघथडीत कोणी कोणाला निरोप दिला नाही. नाना घाटावर गेले तेव्हा होडीत आधीच माणसं बसली होती, मंदाबाई मध्यभागी होत्या आणि त्यांच्या मांडीवर बडगी होती. मुख्याध्यापक या वेळी जुन्या सदऱ्यात होते.

नांदोड्याच्या काठावर हिरवी होडी पालथी घातलेली होती. तिच्याखाली जाळ होता आणि रुपचंद एकटाच, घामाघूम, पटाशी घेऊन तिच्याशी झटत होता. होडीतून उतरणारं गाव पाहून त्याने पटाशी वर केली.

"पार्टी नही भो," तो म्हणाला. "रंग काढू ऱ्हायलो."

नानांनी काखेतलं गुंडाळलेलं केळीचं पान काढलं, झटकून सरळ केलं आणि उन्हाला पाठ करून त्याच्यासमोर ऐसपैस बसले.

"काढ ना," ते म्हणाले. "आमी बसलो."